‘ग्लायल पेशी शांत करा, गोळ्या सोडा’: फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मथळा असा: ‘मानसिक आजाराचं खरं कारण सापडलं, डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत’. सोबत मेंदूचं एक रंगीत चित्र, अर्धा भाग निळा, अर्धा लालभडक. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात सांगते. मेंदूत संदेश वाहून नेणाऱ्या दर एका न्यूरॉनमागे दहा ग्लायल पेशी, म्हणजे न्यूरॉनना सांभाळणाऱ्या पेशी, असतात. आइनस्टाइनच्या मेंदूत त्या आणखी जास्त होत्या. विज्ञानानं ही गोष्ट दीडशे वर्षं दडवून ठेवली. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार), बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार) आणि तीव्र नैराश्य म्हणजे या पेशींना आलेली सूज. न्यूरॉनचा किंवा डोपामिन या मेंदूत संदेश नेणाऱ्या रसायनाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मानसोपचाराच्या गोळ्या ग्लायल पेशी मारतात आणि मेंदू आकसवतात. म्हणून गोळ्या थांबवा, एकवीस दिवस उपवास करा, सूज उतरवणारी पूरकं घ्या, आजार मुळापासून जाईल.

पहिल्यांदा आला तेव्हा मी तो वाचून पुसून टाकला होता. मग तो माझ्या मामीपर्यंत पोचला. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांवर ती गेली काही वर्षं बरी आहे, अर्धवेळ कामावर जाते, स्वतःचे पैसे स्वतः सांभाळते. मामीचा रात्री फोन आला. “तू जीवशास्त्र शिकवतेस ना, मग खरं सांग. इतकी वर्षं मी पोरीला चुकीच्या गोळ्या दिल्या का गं? हळूहळू बंद करू का?” आजाराची पहिली काही वर्षं या बाईनं रात्ररात्र जागून काढली आहेत. तिला कुणीतरी घरबसल्या अपराधी ठरवलं, याचा मला मनस्वी संताप आला. फोनवर उत्तर दिलंच, पण हा मेसेज अशा आणखी कितीतरी घरांत गेला असणार, म्हणून इथे लिहिते आहे.

‘गोळ्या थांबवा, आजार मुळापासून जाईल’

मेसेजमध्ये हा मुद्दा शेवटी आहे. मी तो आधी घेते. बाकीचं चुकीचं वाचून कुणाचं फारसं बिघडणार नाही, हे वाचून बिघडेल.

2012 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात श्टेफान लॉइख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. प्रश्न सरळ होता. स्किझोफ्रेनियाची लक्षणं गोळ्यांनी आटोक्यात आलेल्या माणसांपैकी काहींच्या गोळ्या चालू ठेवल्या आणि काहींना त्याऐवजी दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली, तर वर्षभरात काय होतं? एकूण 65 चाचण्या आणि 6,493 रुग्ण यांची आकडेवारी त्यांनी एकत्र केली. औषध चालू असलेल्यांपैकी 27 टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. औषध काढून घेतलेल्यांपैकी 64 टक्के लोकांचा उलटला. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं ते पहिल्या गटात 10 टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात 26 टक्क्यांना.

हे आकडे जरा थांबून वाचा. शंभर जणांच्या गोळ्या बंद केल्या, तर एरवी बरे राहिले असते असे सदतीस जण वर्षाच्या आत पुन्हा आजारात ओढले जातात. इतका ठळक फरक दाखवणारी औषधं वैद्यकशास्त्रात फार नाहीत. 27 टक्के हा आकडाही मी लपवत नाही. गोळ्या घेऊनही आजार उलटू शकतो, आणि ज्या घरात तो उलटला आहे त्या घराला हे कुणी सांगायला नको. पण ‘गोळ्या शंभर टक्के चालत नाहीत’ इथून ‘गोळ्या बंद करा’ इथवर उडी मारायला वाटेत काहीही आधार नाही.

मेसेजखाली काही अनुभव जोडले आहेत. ‘मुलानं पंधरा दिवसांपूर्वी गोळ्या सोडल्या, एकदम फ्रेश झालाय’, अशा धर्तीचे. ते खरेही असतील. गोळ्यांनी येणारी गुंगी उतरते, हातपायांतला ताठरपणा कमी होतो, चेहरा बोलका होतो. माझ्या मामेबहिणीनं पूर्वी एकदा आपणहून गोळ्या सोडल्या होत्या, तेव्हा असंच झालं. ती सकाळी लवकर उठायला लागली, विनोद सांगायला लागली, घरात सगळे खूश. मग झोप उडाली. पहाटे तीनला उठून ती खिडकीत बसायची. काही दिवसांनी तिच्या उशाखाली एक वही सापडली. खालून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर तिनं लिहून ठेवले होते, शेवटच्या आकड्याप्रमाणे रकाने पाडून, अगदी नीटनेटके. त्यानंतर फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आली. मामीनं विचारलं तर शांतपणे म्हणाली, “तुला नाही कळणार.” हे सगळं व्हायला दोन महिन्यांच्या वर गेले. ‘पंधरा दिवसांत फ्रेश’ असं लिहिणाऱ्या घरांचा तिसरा महिना त्या मेसेजमध्ये कुणीच लिहीत नाही. आणि पुन्हा गोळ्या सुरू केल्यावर तिला सावरायला आधीच्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला. हे बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत होतं.

मामीचा शब्द होता ‘हळूहळू’. त्याचंही उत्तर आहे. ब्रिटनमध्ये 253 रुग्णांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष 2023 मध्ये आले. एका गटाच्या गोळ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, काही महिन्यांत, टप्प्याटप्प्यानं कमी केल्या. जमलं तिथे बंद केल्या. दुसऱ्या गटाच्या चालू ठेवल्या. चाचणीचं नेतृत्व जोआना मॉनक्रीफ यांचं, म्हणजे या औषधांवर वर्षानुवर्षं जाहीर टीका करणाऱ्या डॉक्टरांचं. त्यामुळे निकाल औषध कंपन्यांच्या बाजूनं झुकवला, असं म्हणायची सोय नाही. दोन वर्षांनी गोळ्या कमी केलेल्यांचं रोजचं जगणं, नाती, कामकाज दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेलं नव्हतं. आजार गंभीरपणे उलटण्याचं प्रमाण मात्र 25 टक्के, दुसऱ्या गटात 13 टक्के. हे तज्ज्ञांच्या देखरेखीत, वेळोवेळी तपासणी होत असताना. घरी मेसेज वाचून केलं तर काय होईल याचा अंदाज करा.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. डोस कमी करून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. वजन वाढतं, साखर वाढते, दिवसभर डोळ्यांवर झापड असते, लैंगिक इच्छा मरते, आणि कित्येकदा रुग्णानं हे सांगितलं तरी कुणी ऐकून घेत नाही. लोक अशा मेसेजकडे ओढले जातात याचं हे मोठं कारण आहे. काहींचा डोस सुरक्षितपणे कमी होतोही. पण तो त्याच माणसाचा इतिहास माहीत असलेल्या डॉक्टरसोबत बसून ठरवायचा निर्णय आहे.

उपवासाबद्दल एक इशारा, कारण काही जण ‘गोळ्या चालू ठेवू, नुसता उपवास करून बघू’ असा मधला मार्ग काढतील. लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्यांनी हे बिलकूल करू नये. शरीरातलं मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं कमी करतात आणि रक्तातली त्याची पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं, गोंधळ ही विषबाधेची लक्षणं. उपचाराची पातळी आणि विषाची पातळी यांत लिथियमच्या बाबतीत फार अंतर नसतं, म्हणून तर रक्त तपासत राहावं लागतं. शिवाय बायपोलर असलेल्या माणसाची झोप मोडली की उन्मादाचा झटका येऊ शकतो, आणि पोट रिकामं ठेवून झोप बिघडणं काही नवं नाही. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही, किंवा माहीत असून त्यानं लिहिलं नाही. दोन्ही तितकंच वाईट.

‘हे आजार म्हणजे ग्लायल पेशींना आलेली सूज’

इथे थोडं तथ्य आहे आणि त्याचाच गैरवापर झाला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ग्लायल पेशी एका प्रकारच्या नसतात. ॲस्ट्रोसाइट या ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या पेशी न्यूरॉनच्या जोडण्यांना वेढून असतात. ऑलिगोडेंड्रोसाइट न्यूरॉनच्या लांब तंतूंभोवती मायलिनचं वेष्टण गुंडाळतात, त्यामुळे संदेश वेगानं जातात. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशी. त्या गर्भावस्थेत फार लवकर, बाहेरून येऊन मेंदूत वसतात आणि तिथेच राहतात. मेसेजमध्ये ‘ग्लायल पेशी’ म्हणून या सगळ्यांची एकच मोट बांधली आहे, आणि ‘सूज’ हा शब्द मुळात फक्त मायक्रोग्लियाबद्दलच्या संशोधनातून उचलला आहे.

ते लालभडक चित्र पेट स्कॅनचं दिसतं. अशा स्कॅनमध्ये टीएसपीओ नावाच्या प्रथिनाला चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ सोडतात आणि तो कुठे साचतो ते पाहतात. मायक्रोग्लिया सक्रिय झाल्या की हे प्रथिन वाढतं असं मानून सुरुवातीच्या काही लहान अभ्यासांनी ‘स्किझोफ्रेनियात मेंदूत दाह (म्हणजे सूज) आहे’ असं म्हटलं. पुढे अडचणी निघाल्या. हे प्रथिन ॲस्ट्रोसाइटमध्ये आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं, म्हणजे लाल रंग दिसला तरी तो कुणाचा हे ठरत नाही. आणि 2018 मध्ये पाच अभ्यासांतल्या प्रत्येक व्यक्तीची मोजमापं एकत्र करून पाहिली, तेव्हा रुग्णांमध्ये टीएसपीओ निरोगी लोकांपेक्षा जास्त नव्हे, कमी आढळलं. ज्या चित्रावर अख्खा मेसेज उभा आहे त्याच्या मागच्या शास्त्राची ही अवस्था आहे.

आता समजा सूज आहे. मग ती उतरवल्यावर माणूस बरा व्हायला हवा. हेही करून पाहिलेलं आहे. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक मेंदूत पोचतं आणि प्राण्यांमध्ये मायक्रोग्लियांची सक्रियता कमी करतं. छोट्या चाचण्यांतून आशा वाटली, म्हणून ब्रिटनमध्ये नुकताच आजार सुरू झालेल्या 207 जणांवर वर्षभराची मोठी चाचणी झाली. नेहमीचे उपचार चालू ठेवून अर्ध्यांना मिनोसायक्लिन, अर्ध्यांना औषधविरहित गोळी. 2018 मध्ये निकाल आला: काहीही फायदा नाही. ओमेगा-3 ची कथाही तशीच. व्हिएन्नातल्या 81 तरुणांवरच्या 2010 च्या अभ्यासात आजाराची सुरुवात टळल्यासारखी दिसली, जगभर गाजावाजा झाला. मग 304 जणांवर अनेक देशांत तीच चाचणी केली तर 2017 मध्ये फरक शून्य. मेसेजमधली पूरकं विकणारे पहिल्या अभ्यासाचं नाव घेतात, दुसऱ्याचं घेत नाहीत.

तथ्य कुठे आहे तेही सांगते. एक म्हणजे, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं मेंदूवर हल्ला केल्यामुळे होणारा एक आजार खरोखर आहे. एनएमडीए रिसेप्टरविरोधी एन्सेफलायटिस. जोसेप डाल्माउ यांनी 2007 मध्ये त्याचं वर्णन केलं. धडधाकट तरुण मुलगी अचानक भास, संशय, बडबड करू लागते, मानसोपचार विभागात दाखल होते, आणि पुढे फिट्स येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, ताप येतो. तिथे दाह कमी करणारे उपचार जीव वाचवतात. पण ते स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन असे रुग्णालयातले उपचार असतात आणि निदान पाठीतल्या पाण्याच्या तपासणीनं होतं. पहिल्याच झटक्यात अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना या आजाराबद्दल अवश्य विचारा. वर्षानुवर्षं चालत आलेला स्किझोफ्रेनिया हा तो आजार नव्हे.

दुसरं तथ्य मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये स्टीव्हन मॅककॅरॉल, बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी सी4 नावाच्या जनुकाचा अभ्यास मांडला. सी4 हे रक्तातल्या प्रतिकारयंत्रणेचं प्रथिन, पण मेंदूत ते न्यूरॉनच्या जोडण्यांवर खूण म्हणून बसतं आणि खूण असलेल्या जोडण्या मायक्रोग्लिया खाऊन टाकतात. वाढत्या वयात अशी छाटणी सगळ्यांच्याच मेंदूत होते, ती व्हावीच लागते. सी4 चा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्यात जास्त बनतो त्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त, बहुधा छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी म्हणून. आजार बहुतेकदा सोळा-सतरा ते तिशीच्या दरम्यानच का सुरू होतो, याचा पहिला धागा इथे हाती लागला. पण धोका किती वाढतो? सर्वात जोखमीचा प्रकार असलेल्यांतही जवळपास सव्वापट. शंभरात एकाला होणारा आजार शंभरात सव्वा जणाला. यातून जैविक वाट कळते, ‘मूळ कारण सापडलं’ असं म्हणता येत नाही. आणि किशोरवयात छाटल्या गेलेल्या जोडण्या चाळिशीत उपवास करून परत उगवतील असं या अभ्यासात कुठेही नाही.

‘न्यूरॉनचा आणि डोपामिनचा काही संबंध नाही’

2022 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या जनुकांचा अतिप्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. 76 हजारांहून जास्त रुग्ण, त्यांच्याशी तुलनेला दोन लाखांहून जास्त लोक. जनुकीय नकाशावर धोक्याशी निगडित 287 जागा सापडल्या. त्या जागांवरची जनुकं शरीरातल्या कोणत्या पेशींत जास्त काम करतात हे तपासलं, तेव्हा उत्तर आलं: मेंदूतले न्यूरॉन, उत्तेजन देणारेही आणि आवर घालणारेही. ग्लायल पेशींकडे तसा कल दिसला नाही. म्हणजे मेसेजचा दावा जवळपास उलटा आहे.

तरीही ‘न्यूरॉनच दोषी, ग्लिया (म्हणजे ग्लायल पेशी) निर्दोष’ असं मी म्हणणार नाही, कारण मेंदूत या पेशी वेगवेगळ्या राहतच नाहीत. दोन न्यूरॉनमधल्या एका जोडणीजवळ जाऊन पाहा. एका न्यूरॉनमधून ग्लुटामेट हे संदेश नेणारं रसायन सुटतं, फटीतून पलीकडच्याला जाऊन भिडतं. त्या फटीला चिकटून ॲस्ट्रोसाइटची बारीक फांदी असते. उरलेलं ग्लुटामेट ती झटकन शोषून घेते, नाहीतर पलीकडचा न्यूरॉन विनाकारण पेटत राहील. शोषलेल्याचं ग्लुटामिन करून ती ते न्यूरॉनला परत देते, त्यातून पुन्हा ग्लुटामेट बनतं. माणसाचा एक ॲस्ट्रोसाइट आपल्या टापूतल्या लाखो जोडण्यांवर असं काम करतो, काही तर वीस लाखांपर्यंत. 2024 मध्ये मॅककॅरॉल यांच्याच गटानं 191 मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या पेशी एकेक करून तपासल्या. जोडण्या सांभाळणारी जनुकं न्यूरॉनमध्ये मंदावली की त्याच माणसाच्या ॲस्ट्रोसाइटमध्येही मंदावलेली दिसली, दोन्ही जोडीनं. आणि ही घट स्किझोफ्रेनियातही होती, वाढत्या वयातही. हा निष्कर्ष वाचून मी थक्क झाले होते. ग्लिया विरुद्ध न्यूरॉन अशी लढाई लावणाऱ्या मेसेजला त्यात जागाच नाही.

मायलिनचं तसंच. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आनुवंशिक आजारात मायलिन नष्ट होतं, आणि तो तरुणपणी सुरू झाला तर पहिली लक्षणं कित्येकदा स्किझोफ्रेनियासारखी, भासभ्रमांची असतात. ग्लायल पेशी बिघडल्या तर मन बिघडू शकतं याचा हा पुरावा मी आनंदानं मान्य करते. मेसेजवाल्यानं तो दिला असता तर बरं झालं असतं.

डोपामिनबद्दल दोनच वाक्यं. आजाराच्या तीव्र अवस्थेत मेंदूच्या एका भागात डोपामिन जास्त बनतं हे पेट स्कॅनवर वारंवार दिसलं आहे, आणि 1952 च्या क्लोरप्रोमाझिनपासून पुढे सत्तर वर्षं सगळी औषधं डोपामिनच्या मार्गावरच काम करत आली. डोपामिन म्हणजे सगळा आजार नव्हे हे डॉक्टरही मानतात, म्हणून तर 2024 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियमचं औषध डोपामिनऐवजी मस्करिनिक रिसेप्टर नावाच्या वेगळ्याच ग्राहकांवर चालतं.

आणि कारण पूर्ण कळलेलं नाही म्हणून औषध खोटं, हा तर्कच मला समजत नाही. ताप कुठल्या जंतूनं आला हे कळायच्या आधीही तापाची गोळी ताप उतरवतेच.

‘गोळ्या ग्लायल पेशी मारतात, मेंदू आकसवतात’

हा मुद्दा मला नाइलाजानं अर्धा मान्य करावा लागतो. तो टाळला तर माझं उत्तर अप्रामाणिक होईल.

निरोगी मकाक माकडांना दीड-दोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध दिलं, रक्तातली पातळी माणसांच्या उपचाराइतकी ठेवली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांच्या मेंदूचं वजन आणि आकारमान 8 ते 11 टक्क्यांनी कमी भरलं. त्याच माकडांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या, तेव्हा एका भागात ॲस्ट्रोसाइट सुमारे 20 टक्क्यांनी कमी निघाले. हे 2008 मध्ये छापून आलं. मेसेजचा हा मुद्दा बहुधा तिथूनच आला आहे. माणसांत आयोवातल्या नॅन्सी आंद्रियासेन यांच्या गटानं 211 रुग्णांचे स्कॅन वर्षानुवर्षं काढले आणि 2011 मध्ये सांगितलं की ज्यांना जास्त औषध त्यांच्या मेंदूत जास्त घट.

हे खरं संशोधन आहे, डॉक्टरांनीच केलेलं आणि डॉक्टरांच्याच नियतकालिकांत छापलेलं. कुणी काही लपवलं नाही. पण पुढचं वाचा. त्याच आयोवाच्या गटानं 2013 मध्ये दाखवलं की आजार उलटल्यावर तो जितका काळ चालू राहतो तितकीही घट होते. एकही गोळी न घेतलेल्या, पहिल्यांदाच तपासणीला आलेल्या रुग्णांच्या मेंदूतही काही भागांचं आकारमान कमी दिसतं. माकडं निरोगी होती, त्यांना आजारच नव्हता. आणि त्या माकडांत न्यूरॉन मेले असंही आढळलं नाही.

यातून निघतं ते एवढंच की आवश्यक तितकाच कमीत कमी डोस असावा, आणि बहुतेक चांगले डॉक्टर हे आधीपासूनच म्हणतात. ‘थांबवा’ हे यातून निघत नाही. थांबवून आजार उलटला तर मेंदूचं तेही नुकसानच.

उरलेलं झटपट.

‘एका न्यूरॉनमागे दहा ग्लायल पेशी’: नाही. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी मेंदूच्या ऊतींचा एकजीव द्राव करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. 2009 चा त्यांच्या गटाचा आकडा: सुमारे 86 अब्ज न्यूरॉन आणि सुमारे 85 अब्ज इतर पेशी, त्यात रक्तवाहिन्यांच्या पेशीही आल्या. म्हणजे जवळजवळ एकास एक. दहास एक हे प्रमाण पाठ्यपुस्तकांतही अनेक वर्षं छापलं जात होतं, त्यामुळे याबद्दल मेसेजवाल्याला फार दोष देत नाही.

‘आइनस्टाइनचा मेंदू’: 1985 मध्ये मॅरियन डायमंड यांनी चार जागांचे तुकडे पाहिले, अकरा इतर पुरुषांच्या मेंदूंशी तुलना केली, एका जागी न्यूरॉनच्या मानानं ग्लिया जास्त सापडल्या. एका माणसाच्या मेंदूवरून बुद्धीचा नियम निघत नाही, आणि मानसिक आजाराशी तर याचा संबंधच नाही.

‘दीडशे वर्षं दडवून ठेवलं’: रुडॉल्फ फिर्खो यांनी 1850 च्या दशकात या पेशींना नाव दिलं, पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 च्या सुमारास मायक्रोग्लिया वेगळ्या काढून दाखवल्या. नैराश्य आणि बायपोलर असलेल्यांच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागात ग्लायल पेशी कमी असतात हे 1998 मध्ये छापून आलं. लक्षात घ्या, तिथेही पेशी कमी भरल्या, सुजलेल्या नव्हत्या. मागे पडलेलं संशोधन म्हणा, ते खरं आहे. बराच काळ सगळ्यांचं लक्ष न्यूरॉनकडे होतं. दडवलेलं म्हणू नका.

ज्या घरांत हा मेसेज वाचून गोळ्या आधीच थांबल्या आहेत, तिथल्या शुभंकरांसाठी, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी, शेवटचं आणि तातडीचं. घाबरून सगळ्या गोळ्या पूर्वीच्या डोसनं एकदम सुरू करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली ते सांगा. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाच्या बाबतीत हे सर्वात महत्त्वाचं आहे. दोन दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर जुना डोस थेट देता येत नाही; रक्तदाब एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो, फिट येऊ शकते. पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून डॉक्टर तो पायरीपायरीनं चढवतात. लिथियम घेणाऱ्यानं उपवास केला असेल आणि हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं यांपैकी काही दिसत असेल, तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच रुग्णालयात नेऊन रक्तातली पातळी तपासा. रुग्णाची झोप कमी झाली आहे का, तो किती वाजता उठतो, एकटा बोलतो का, संशय घेतो का, हे तारखेसह एका कागदावर लिहून सोबत न्या. आणि रुग्णाशी भांडू नका. मेसेजवर विश्वास ठेवण्यामागे त्याचीही, गोळ्यांच्या त्रासातून सुटायची, खरी इच्छा असते. तो त्रास कोणता हेही त्याच कागदावर लिहा, डोसचा विचार करताना डॉक्टरांना त्याचीच गरज पडते.